सिस्टरनं ठेवलेलं नाव

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी कळमनुरीला एकटीच राहत होते. जवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होते. सकाळी जीपनं जायचं, दुपार कलल्यावर परत यायचं, पोरांच्या वह्या तपासायच्या आणि मग स्वतःची वही काढून गोष्ट लिहायला बसायचं, असा माझा दिवस असे.

गोष्ट पाठवायला मला एकच ठिकाण ठाऊक होतं. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून फिरणारं एक पातळसं मराठी मासिक पोस्टानं यायचं. त्यात प्रवचनं, आजाऱ्यांसाठी प्रार्थनेच्या विनंत्या, लग्नाच्या बातम्या, आणि शेवटच्या तीन-चार पानांवर एक कथा. कथेखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव छापत. पाच-सहा महिन्यांतून एकदा तिथं माझं नाव येई. ते आलं की मी अंक उशाशी ठेवून झोपायची. दुसऱ्या कुणाला त्याचं फारसं काही नव्हतं. रविवारी उपासनेला हिंगोलीला गेले की एखादी बाई म्हणायची, "तुमचं आलंय वाटतं छापून," आणि बोलणं लगेच सोयाबीनवर जायचं. शाळेतल्या मुख्याध्यापकांनी एकदा अंक चाळला आणि म्हणाले, "बाई, तुमच्यात बी गोष्टी लिहितेत व्हय? मला वाटलं नुसत्या प्रार्थनाच करतेत." मला त्यांचा राग आला नाही. मलाही वाटायचंच, की या सगळ्या जिल्ह्यात आपल्यातलं असं लिहिणारं मी एकटीच.

मग एका अंकात कथेखाली गाव दिसलं: औंढा नागनाथ.

दोन भावांची गोष्ट होती. बांधावरून बोलणं बंद झालेलं. धाकटा एक दिवस मन घट्ट करून थोरल्याकडे माफी मागायला जातो. थोरला घरी नसतो. भावजय पाणी देते. तो ओट्यावर थोडा वेळ बसतो, पाणी पितो आणि परत निघतो. संपली गोष्ट. मी पान उलटून पाहिलं, पुढं काही राहिलंय का म्हणून. माझ्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कुणी ना कुणी गुडघे टेकायचं, डोळे पुसायचं. इथं एक माणूस नुसता पाणी पिऊन परत गेला होता आणि मला दोन दिवस तो डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी औंढ्याची एसटी धरली. स्टँडजवळ बांगड्यांचं दुकान लावून बसलेल्या चाचांना नाव सांगितलं. ते म्हणाले, "वो टेलर? वो तो ब्लाउज सीते. लिखते कब?" तरी त्यांनी गल्ली दाखवली.

देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून एक अरुंद दुकान होतं. दारातच मशीन, मशीनवर वाकलेला साठीचा माणूस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मी म्हटलं, "सलाम."

त्यांनी मान वर केली. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक एकमेकांना सलामच करतो. त्या गल्लीत एका मराठी बाईनं सलाम घालावा, यावरूनच त्यांना काय ते कळलं असावं.

"सलाम. कुणीकडच्या तुमी?"

"कळमनुरीच्या."

मशीनचं चाक त्यांनी हातानं थांबवलं. "चार लेकरंवाल्या इधवेची गोष्ट तुमचीच का?"

"हो," मी म्हटलं. मला इतका आनंद झाला की बसायचंही सुचेना.

"बसा. बरं झालं आल्या. इचारायचंच व्हतं. पहिल्या पानावर तिला चार लेकरं हायेत. शेवटी नाताळाला जेवायला तीनच बसलेत. चौथं कुठं गेलं?"

मी खरंच विसरले होते. तसं सांगितलं. ते हसले नाहीत. "लेकरू इसरायचं न्हाई, बाई," एवढंच म्हणाले, आणि समोरच्या हॉटेलवाल्याला हात करून दोन चहा मागवले.

त्या दिवशी त्यांनी मला त्यांची वही दाखवली. जाड पुठ्ठ्याची, मापं लिहायची वही. पुढून बायकांच्या ब्लाउजची मापं, मागून गोष्टी. दोन्हीकडून लिहीत लिहीत ते मध्याकडं येत होते. घरात बायको गेलेली, मुलगी नांदेडला दिलेली. लिहितात हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. मी त्यांना मामा म्हणायला लागले ते त्याच दिवसापासून.

निघताना ते म्हणाले, "आजून एक हाये आपल्यातली. पर ती कबूल होत न्हाई."

ही तिसरी म्हणजे सिस्टर. सरकारी दवाखान्यात तीस-बत्तीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त होऊन पुसेगावला भावाच्या घराशेजारी राहत. पूर्वी औंढ्याला नोकरी झाल्यामुळं ब्लाउज मात्र मामांकडूनच शिवून घेत. मासिकात 'एक भगिनी' या सहीनं ज्या कथा यायच्या, त्या याच लिहितात असा मामांचा पक्का संशय होता. त्याला पुरावाही होता. त्यातल्या एका कथेत एक टेलर नवरीला म्हणतो, "कापताना माया ठेवावी लागती पोरी, माणूस काय मापाएवढंच राहात न्हाई." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला टेलर लोक माया म्हणतात. मामा म्हणाले, "हे वाक्य माझं हाये. ह्याच पाटावर सिस्टर बसल्या व्हत्या तवा मी बोललो."

त्यांनी बेत केला. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सिस्टरना ब्लाउज न्यायला बोलावलं आणि मलाही. सिस्टर आल्या. उंच, सडसडीत, केस घट्ट मागं बांधलेले. माझ्याकडं बघून पेशंटकडं बघावं तसं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. मामांनी ब्लाउजच्या पिशवीवर मासिकाचा तो अंक ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "सिस्टर, माझी माया परत द्या."

सिस्टरचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला, आणि मग त्यांना असं हसू लोटलं की ठसका लागला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "काहून हो भाऊ, इतके दिस माहीत असून गप बसले?"

"आजून एखादं वाक्य घेताल म्हणून वाट बघून राहिलो व्हतो."

तेव्हापासून दर महिन्याचा दुसरा शनिवार आमचा झाला. सोमवारी औंढ्याला गर्दी, मामांना मान वर करायला फुरसत नसायची. शनिवारी गल्ली निवांत असे. सिस्टर आणि मी पाटावर, मामा मशीनवर. ज्याची गोष्ट असेल त्यानं वाचायची आणि ती वाचून होईपर्यंत मशीन बंद. एकच नियम मामांनी घातला होता: 'छान आहे' असं कुणी म्हणायचं नाही.

सिस्टरचा हात कठोर होता. मी एकदा लिहिलं होतं, 'तापाच्या लाटा तिच्या देहावर आदळत होत्या.' सिस्टर म्हणाल्या, "ताप किती? एकशे दोन का एकशे चार? त्यावर समदं ठरतं. एकशे चारला माणूस बडबडतं, एकशे दोनला पाणी मागतं. तुझी बाई काय करून राहिली ते लिव, लाटा राहू दे." मामांना कपड्यांचं वेड. गोष्टीत कुणी माणूस आला की त्यांचा पहिला प्रश्न, "अंगावर काय हाये त्याच्या?" मला ठाऊक नसायचं. "मंग तुमाला तो दिसलाच न्हाई आजून," ते म्हणायचे, आणि ते खरंच असायचं.

कधी कधी गिऱ्हाईक मध्येच येई. कुणा यात्रेकरूच्या पिशवीचा बंद तुटलेला, कुणाच्या साडीला फॉल लावायचा. एक म्हातारी परकरासाठी थांबली होती, तिनं माझी अर्धी गोष्ट ऐकली. मामांनी परकर हातात दिला तरी उठेना. "मंग ती सासरी गेली का न्हाई?" म्हणाली. मी म्हटलं, अजून लिहायचं आहे. "लिव मंग लवकर, माझी बस हाये," म्हणाली. सिस्टर सांगत, की आयुष्यात त्यांनी ऐकलेली सगळ्यात मोठी शाबासकी ती होती, आणि ती माझ्या वाट्याला आली याचा त्यांना हेवा वाटतो.

सगळ्यात जास्त वाद शेवटावरून व्हायचे. सिस्टरच्या गोष्टींत प्रार्थना ऐकली जायचीच. पेशंट तिसऱ्या दिवशी उठून बसायचा, दारू पिणारा नवरा उपासनेला यायचा. मी सिस्टरच्या बाजूची. ख्रिस्ती माणसानं गोष्ट लिहायची तर तिच्यातून काही हाती लागायला नको का? मामा मान हलवायचे. "प्रभू येशू दाखला म्हणून गोष्ट सांगायचे आन् निघून जायचे. कुणाला अर्थ पाहिजे आसंल त्यानं मागं पळावं. आपुन गोष्ट सांगतो आन् दार अडवून हुबं राहतो. समजल्याबिगर सोडणार न्हाई म्हणतो."

भाद्रपदातल्या एका शनिवारी, ऊन मी म्हणत असताना, सिस्टरनी अशीच एक बरं होण्याची गोष्ट वाचली. मामांनी मशीनवरचं कापड नीट केलं. मग हळूच म्हणाले, "सिस्टर, तुमच्या गोष्टीत समदे बरे होतेत. दवाखान्यात बी व्हायचे का?"

सिस्टरनी वही मिटली. चहा न घेताच म्हणाल्या, "चल, गाडीची वेळ झाली."

हिंगोलीपर्यंत आम्ही दोघी एकाच एसटीनं जायचो. त्या खिडकीशी, मी शेजारी. गाडी गावाबाहेर पडल्यावर त्या बोलायला लागल्या, माझ्याकडं न बघता.

एका दुपारी एक बाळंतीण होती. पहिलटकरीण, खेड्यातली, विशीची. लेकरू मेलेलंच जन्माला आलं. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात गेले होते, घरची माणसं पुढच्या तयारीला बाहेर. ती म्हणाली, जरा माझ्यापाशी द्या. असं द्यायची पद्धत नव्हती. सिस्टरनी दिलं. आपल्या खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळून दिलं, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, कुणी येऊ नये म्हणून. ती बाई रडली नाही. तिनं लेकराच्या हातांची बोटं मोजली, मग पायांची. जावळ नीट केलं. मग म्हणाली, "सिस्टर, तुमीच याचं नाव ठेवा. बिननावाचं कसं पाठवू?"

"मी ठेवलं," सिस्टर म्हणाल्या. "तिनं तीनदा घेतलं ते, हळू. आन् मंग आपल्या हातानं लेकरू माझ्या हातात दिलं. त्या दिवशी सकाळपासून मी प्रार्थना करून राहिले व्हते, पोरी. त्या प्रार्थनेचं काय झालं मला आजून ठाव न्हाई."

"काय नाव ठेवलंत?" मी विचारलं.

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. हिंगोलीचा स्टँड आला.

मी ती गोष्ट चार दिवसांत लिहून काढली. हे इतक्या वर्षांनी लिहिताना माझा हात अडतो, पण लिहायलाच पाहिजे. गाव बदललं. नर्स तरुण केली. बाईला भरपूर रडायला लावलं, शेवटी तिला गुडघ्यांवर बसवलं आणि तिच्या तोंडी एक प्रार्थना घातली. लेकराला माझ्या मनानं एक नाव दिलं. एवढं सगळं बदललं म्हणजे ती गोष्ट माझीच झाली, असं मी स्वतःला समजावलं. पण शनिवारी ती वही मी औंढ्याला नेली नाही. आमचा शनिवार सुरू झाल्यापासून तिथं न वाचता पाठवलेली माझी ती पहिली गोष्ट. समजावलेलं मन किती समजलं होतं ते त्यावरूनच कळतं.

दोन-तीन महिन्यांनी ती छापून आली. तोवर कधी नाही इतकी पत्रं मला आली. हिंगोलीच्या पाळकसाहेबांनी उपासनेत तिचा उल्लेख केला. त्या बाईची श्रद्धा बघा, म्हणाले. मी खाली मान घालून बसले होते, लोकांना तो नम्रपणा वाटला.

दुसऱ्या शनिवारी दुकानात सिस्टर नव्हत्या. मामांच्या मांडीवर तो अंक होता.

"ही गोष्ट तुमची न्हाई, बाई."

"कशावरून?"

"तुमच्या गोष्टीतले लोक बोटं मोजत न्हाईत. तुमी इतकं बारीक बघतच न्हाई."

मला ते फार लागलं. मी तावातावानं म्हणाले, "सिस्टरनीही तुमचं वाक्य घेतलंच होतं की!"

"घेतलं व्हतं. मी परत मागितलं आन् आमी दोघं हसलो." त्यांनी चष्मा काढला. "त्या आता ह्या दारातून आत आल्या तर तुमी हसताल का?"

मी उठून बाहेर आले. स्टँडवर बसले, एक गाडी सोडली, दुसरी सोडली. सिस्टरना फोन लावला. त्यांनी घेतला नाही. पुढं रोज एकदा लावायची. मग तेही थांबवलं. औंढ्यालाही गेले नाही. शनिवार आला की कपडे धुवायला काढायची, घर झाडायची, काहीही करायची. असे चार-पाच महिने गेले. शेवटी एका रविवारी उपासनेत सहभागिता होती. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेण्याआधी आपापल्या चुका आठवत क्षणभर शांत बसतात ना, तेव्हा मला बसवेना. मी मधूनच उठले आणि पुसेगावची गाडी धरली.

हळद शिजवायचे दिवस होते. गावात शिरताच तो उग्र, मातकट वास आला. सिस्टर भावाच्या खळ्यावर वाळत घातलेली हळद हातानं पसरत होत्या. बोटं पिवळी झालेली. मला बघून त्या उठल्या, घरात गेल्या, तांब्याभर पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं.

"सिस्टर, माझं चुकलं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलं."

असू दे, म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. पदराला हात पुसून आतून तो अंक आणला. "वाच. माझ्यासमोर वाच."

मी वाचायला लागले. आयुष्यात इतकं अवघड वाचन मी केलेलं नाही. तिसऱ्या ओळीला त्यांनी थांबवलं. "चादर न्हवती. टॉवेल व्हता." मी पुढं वाचलं. "रडली न्हाई ती. तू तिला रडवलीस. आगं, ती रडली आसती तर मला सोपं गेलं आसतं." पुढं वाचलं. शेवटची प्रार्थना त्यांनी मध्ये न थांबवता ऐकली. मग मी त्या नावापाशी आले. त्यांनी हात वर केला.

"हे नाव त्याचं न्हाई."

त्यांचा आवाज बदलला होता. "त्याचं नाव दोघींनाच ठाव व्हतं. त्याच्या मायला आन् मला. आता गावोगावचे लोक त्याला भलत्याच नावानं वळखून राहिले. पाळकसाहेब वळखीच्या माणसाचं नाव घ्यावं तसं ते नाव घेतेत. लेकराला एक नाव तेवढं मिळालं व्हतं, पोरी. ते बी तू बदललंस."

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही मला ती गोष्ट दिलीत."

"दिली न्हवती. सांगितली व्हती."

खळ्यावरून भावाच्या सुनेनं हाक मारली. सिस्टर जाऊन काही सांगून आल्या. परत आल्या तेव्हा मी निघायला उभी होते. "कुठं चालली? जेवून जा," त्या म्हणाल्या. चुलीपाशी बसून त्यांनी भाकऱ्या केल्या, पिठलं टाकलं. मी कांदा चिरला. जेवताना धीर करून विचारलं, "तुम्ही मला माफ केलं का?"

"ते इचारू नको. रोज सकाळी करून राहिले. कवा जमतं, कवा न्हाई."

घरी येऊन मी मासिकाला पत्र लिहिलं: ही कथा मला एका व्यक्तीनं विश्वासानं सांगितलेल्या अनुभवावरून, तिला न विचारता लिहिली आहे, त्यातले तपशील खरे नाहीत, मी तिची क्षमा मागते. त्यांनी ते दोन ओळींत छापलं. मंडळीत कुणी त्याविषयी काही बोललं नाही, पण बायकांनी माझ्यापाशी आपली सुखदुःखं सांगणं काही काळ बंद केलं. ते मी भोगलं. योग्यच होतं ते.

दुसऱ्या शनिवारी मी पुन्हा औंढ्याला जायला लागले. मामांनी मागचं काही काढलं नाही. पाटावरचं कापड बाजूला सारून मला जागा केली, इतकंच. पावसाळ्याच्या तोंडाला एका शनिवारी सिस्टर आल्या, काखेत लांब वही. "मी लिवलंय," म्हणाल्या आणि बसल्याबरोबर वाचायला लागल्या.

अडीच पानं होती. केसपेपर लिहावा तशी लहान लहान वाक्यं. दाराला लावलेली पाठ. बोटं मोजणं. सकाळपासूनची प्रार्थना, आणि तिचं काय झालं ते ठाव नाही, हेही. शेवटी ती बाई म्हणते, नाव ठेवा. नर्स वाकते, लेकराच्या कानाशी तोंड नेते आणि काहीतरी सांगते. इथं वही मिटली. नाव त्यात नव्हतं.

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली, तिच्या चाकांचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिला. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ते मामाच. नाक ओढून म्हणाले, "टॉवेलाचा रंग लिवला न्हाई तुमी."

"पांढरा," सिस्टर म्हणाल्या. मग डोळे मिटून जरा वेळानं, "काठाला निळी पट्टी व्हती." त्यांनी तिथंच पेन काढून ते लिहिलं.

त्यांनी ती गोष्ट पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं मासिकाला पाठवली. ती परत आली. सोबत चिठ्ठी होती: कथा मनाला भिडते, परंतु याच आशयाची कथा आम्ही नुकतीच प्रसिद्ध केली आहे. सिस्टरनी ती चिठ्ठी मला वाचायला दिली. माझ्या चोरीची खरी शिक्षा मला त्या चिठ्ठीनं झाली. त्यांच्या गोष्टीची जागा माझ्या खोट्या गोष्टीनं अडवली होती.

मी हिंगोलीच्या पाळकांच्या पत्नीकडं गेले. त्या मंडळीतल्या बायकांची महिन्याची सभा चालवायच्या. त्यांना सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट, आणि विनंती केली की एकदा सिस्टरना वाचू द्या. सिस्टर आधी नको म्हणाल्या. मामांनी त्यांना एवढंच विचारलं, "आपुन लिवतो कुणासाठी?" मग तयार झाल्या.

पंचवीसेक बायका होत्या, चटईवर बसलेल्या, मागं दोघीचौघी लेकरं पाजत. सिस्टरनी उभं राहून वाचलं. वाचून झाल्यावर कुणी आमेन म्हटलं नाही, टाळी वाजवली नाही. मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक सत्तरीची आजी म्हणाली, "माझं बी एक व्हतं." सगळ्या वळल्या. "पहिलं. मला दावलंच न्हाई. नाव बी न्हवतं ठेवलं." सिस्टर वही ठेवून तिच्याकडं गेल्या, तिच्यापाशी खाली बसल्या. म्हणाल्या, "आता ठेवता का?"

आजी थोडा वेळ सिस्टरचा हात कुरवाळत राहिली. मग तिनं एक नाव सांगितलं, मोठ्यानं. त्यानंतर आणखी तिघी बोलल्या. चहा उकळून उकळून आटला. पाळकांच्या पत्नींनी प्रार्थना केली ती अगदी लहान. त्यात त्यांनी ती चार नावं घेतली.

परतीच्या वाटेवर सिस्टर मला म्हणाल्या, "टेलरभाऊ म्हणतेत ते बराबर हाये. शेवट आपल्यापाशी नसतोच." आणि मग, "तू बोलली व्हतीस ना पाळकीणबाईपाशी? बरं केलंस."

त्यानंतर तीन-चार वर्षं आमचा शनिवार चालला. पुढं माझं लग्न झालं, मी हिंगोलीला आले. मामांचा उजवा हात थरथरायला लागला. सुईत दोरा ओवेना, तेव्हा मुलगी त्यांना नांदेडला घेऊन गेली. तिथं ते दोन वर्षं होते. ते गेल्यावर तिनं ती जाड वही मला आणून दिली. "वडील म्हणायचे, बाईला द्या, ती आता बारीक बघती," असं तिनं सांगितलं. मी पायरीवरच बसले आणि रडले. दोन्ही बाजूंचं लिखाण मध्ये आठ-दहा कोऱ्या पानांवर येऊन थांबलं होतं. पुढच्या भागात एका पानावर सिस्टरचं माप आहे, त्याखाली माझं, आणि माझ्या नावासमोर कंसात लिहिलंय, 'खांदा उतरता, घाईत असते'. मागच्या भागातल्या गोष्टी मी एकेक करून स्वच्छ उतरवून काढते आहे. आतापर्यंत अकरा झाल्या. जिथं अक्षर लागत नाही तिथं जागा सोडते. मनचं घालत नाही.

सिस्टर पुसेगावलाच आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी वाचता येत नाही फारसं, म्हणून मी जाऊन वाचून दाखवते. या जानेवारीत गेले तेव्हा माझी नवी गोष्ट नेली होती. त्या अंगणात खाटेवर उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या. दुसऱ्या पानावर त्यांचे डोळे मिटले, मान खाली आली. झोपल्या असं समजून मी आवाज हळूहळू बारीक केला आणि वही मिटायला लागले.

"थांबू नको," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "तो माणूस इहिरीपाशी गेला व्हता. त्याच्या पायात काय व्हतं?"

मी वही उघडली. लिहिलेलं नव्हतं. "चपला," मी म्हटलं.

"कशाच्या?"

मी विचार करायला लागले. सिस्टर वाट बघत बसून राहिल्या.